कवळीवाल्याचं पोवळं

"आधी हात बाहेर काढा."

"एकच मिनिट."

"मिनिट नाही आणि सेकंद नाही. हात बाहेर, मग बोला."

"अगं, जरासं तिरकं बसलंय ते. डावीकडून उजेडच पडत नाही त्याच्यावर. एवढं सरळ केलं की झालं."

"परवा उजवीकडून पडत नव्हता. त्याच्या आधी म्हणे फार वर होतं. अहो, ते पोवळं आहे, कवळी नव्हे. घासून घासून बसवायची वस्तू नाही ती."

"कवळीचा इथे काय संबंध?"

"तेच म्हणतेय मी. काही संबंध नाही. काढा हात."

मामाने हात काढला नाही. दंडापर्यंत त्याचा उजवा हात टाकीतल्या खाऱ्या पाण्यात बुडालेला, बनियनची बाही ओलीचिंब, डाव्या हाताने टाकीचा काठ धरलेला आणि गाल काचेला टेकलेला. भांडण सुरू झाल्याबरोबर टाकीतले दोन नारिंगी मासे दगडामागे जाऊन बसले होते. नवरा-बायकोचा आवाज चढला की समजूतदार शेजारी आपलं दार हळूच लोटून घेतात, तसे. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं ते पोवळं मामाच्या चिमटीत होतं. मुठीएवढा करड्या रंगाचा ओबडधोबड गोळा. खरं तर त्याच्या अंगभर करंगळीएवढ्या मऊ नळ्या डुलायला हव्यात, प्रत्येक नळीच्या टोकाला एक इवलंसं फूल असायला हवं. पण ते सगळं आत ओढून घेऊन ते कितीतरी दिवस बसलं होतं. रुसलेल्या माणसाने डोक्यावरून पांघरूण घ्यावं आणि आतून हूं की चूं करू नये, तसं.

मामीचा आवाज चढायला कारण होतं. ज्यांच्या दुकानातून पोवळं आणलं, त्या टाकीवाल्या ताईंचा सकाळीच फोन येऊन गेला होता. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की इतके दिवस मिटून राहिलेलं पोवळं उपाशी राहतं आणि हळूहळू मरतं. अजून धुगधुगी आहे तोवर परत आणून द्या, माझ्या मोठ्या टाकीत जगलं तर जगेल. मामी म्हणाली होती, आजच घेऊन जा. मामाने तिच्या हातून फोन ओढून घेऊन नाही म्हटलं होतं. शेवटी ताईंनीच तोड काढली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या स्वतः येऊन बघणार. उघडलेलं असेल तर राहील, मिटलेलं असेल तर त्या घेऊन जातील. मामीने त्याला आपलं एक कलम जोडलं: तोवर मामाने पाण्यात बोटसुद्धा घालायचं नाही. उडालेल्या पाण्याची भर घालायची ती वरून, तांब्याने, आणि हात कोरडा राहिला पाहिजे.

"आणि ते गेलं," मामा काचेशीच बोलला, "तर मी दुसरं आणणार नाही."

"फारच उत्तम," असं मामी म्हणणार होती. तिचे ओठ तसे हललेही. पण काचेला चिकटलेला तो चपटा गाल बघून तिने ते शब्द गिळले आणि दोरीवरचा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. मग मामाने हात बाहेर काढला.

आमचा मामा दात करतो. म्हणजे लोकांचे. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे घेतात आणि त्याच्याकडे पाठवून देतात, त्यावरून कवळी घडवायची ती मामाने. घराखालच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल आहे. खिडकी सरळ रस्त्यावर उघडते आणि तिच्या कट्ट्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवलेले असतात. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस तिथे क्षणभर रेंगाळतो आणि नकळत आपल्या दातांवरून जीभ फिरवतो. मामाच्या कपाळावर भिंगाचा चष्मा सरकवलेला असतो आणि बोटांना गुलाबी मेणाचा वास असतो. माणूस न बघता, नुसता जबडा हातात घेऊन तो सांगतो की या बाई डावीकडूनच जेवतात, किंवा हे गृहस्थ झोपेत कोणावर तरी फार चिडतात.

कवळी तयार झाली की खरं काम सुरू होतं. गिऱ्हाईक येतं, कवळी घालतं. मामा निळा कागद दातांत धरायला देतो आणि म्हणतो, चावा. जिथे दात उंच राहिला असेल तिथे निळा ठिपका उमटतो. तो ठिपका मामा केसभर घासतो. पुन्हा चावा, पुन्हा ठिपका, पुन्हा केसभर. गिऱ्हाईक कंटाळतं, म्हणतं, आता छान बसली की हो. मामा ऐकत नाही. बसून भागत नाही, घालणाऱ्याला ती विसरता आली पाहिजे, असं तो म्हणतो. जेवताना ज्याला कवळी आठवते, त्याची कवळी कच्ची.

हे सगळं कामाच्या टेबलापुरतं असतं तर त्याच्यासारखा माणूस नाही. पण त्याच्या हाताला चैन नसते. दुसऱ्यांच्या घरी गेला की त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरी सरळ करतो. बोलता बोलता समोरच्याची कॉलर नीट करतो. घरातलं जेवणाचं टेबल डुगडुगत होतं, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी त्याने एका पायाचा तुकडा कापला. मग दुसरा पाय लांब वाटला. मग तिसरा. ते टेबल अजून घरात आहे. आता अजिबात डुगडुगत नाही, आणि मांडी घालून जमिनीवर बसलात तर त्यावर अगदी आरामात जेवता येतं.

मामीचा धंदा याच्या बरोबर उलटा. ती गाडी चालवायला शिकवते. तिच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक आहे, पण तिचा सगळा जोर तो न दाबण्यावर. शेजारी घामाघूम झालेला माणूस स्टिअरिंगला लटकलाय, समोरून ट्रक येतोय, आणि मामी दोन्ही हात मांडीवर ठेवून हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखी म्हणते, "आता डावीकडे घेतलंत तर आपण दोघंही संध्याकाळी घरी जाऊ." सगळं मीच केलं तर तो शिकणार कधी, हे तिचं ठरलेलं वाक्य. फक्त घरी मामा काही दुरुस्त करायला घेतो तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या तिचा उजवा पाय जमीन दाबायला लागतो. तिला ते कळतही नाही.

टाकी आली ती एका कवळीपायी. जहाजावर आचारी म्हणून उभा जन्म काढलेले एक आजोबा वरची-खालची अशी पूर्ण कवळी करून घ्यायला आले होते. त्यांना मुलाच्या छोट्या घरी राहायला जायचं होतं, तिथे टाकीला जागा नव्हती. मामाने दात इतके बेमालूम बसवले, की खूश होऊन आजोबांनी ती टाकी, दोन नारिंगी मासे आणि मिठाची अर्धी गोणी मामाच्या दारात आणून उतरवली. मामी म्हणाली, लोक पेढ्यांचा पुडा देतात, तुम्हाला समुद्र मिळाला. मामाला माशांचं काही विशेष वाटलं नाही. मासे कसे, आपले आपण सरळच पोहतात. त्यांना नीट करण्यासारखं काही नसतं.

मग ते अर्धं मीठ संपलं आणि तो टाकीवाल्या ताईंच्या दुकानात गेला. तिथे त्याने पहिल्यांदा उमललेलं पोवळं पाहिलं. मी त्याच्याबरोबर होते. मीठ बाजूलाच राहिलं. एरवी काहीही दिसलं की ज्याचे हात पुढे होतात, तो माणूस हात पाठीमागे बांधून लहान मुलासारखा काचेसमोर उभा राहिला. फिकट गुलाबी नळ्या, हिरवट टोकं, आणि सगळ्या मिळून एकाच लयीत डुलत होत्या. त्याने विचारलं, झाड आहे का हे. ताई म्हणाल्या, झाड नाही आणि दगडही नाही. हे प्राणी आहेत, शेकडो. सगळ्यांनी मिळून एकच घर बांधलंय. आणि लगेच हेही म्हणाल्या की तुम्ही नेऊ नका. नवख्या माणसाकडे हे टिकत नाही, पाणी जरा इकडचं तिकडे झालं की रुसतं. मामाला एवढंच ऐकायचं होतं. त्याने ते घेतलं आणि घरी येईपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसला.

पाणी मात्र त्याने खरोखर सांभाळलं. प्लास्टर कालवायची सवय, त्यामुळे मीठ किती आणि पाणी किती यात त्याची चूक होणं शक्य नव्हतं. गर्मी वाढली की तो टाकीवर पंखा लावायचा आणि स्वतः घामाने निथळत बसायचा. कामाच्या खोलीतून वर आला की मेणाचा आणि रसायनाचा वास जाईपर्यंत हात धुवायचा, साबणाचाही अंश राहू नये म्हणून पुन्हा नुसत्या पाण्याने धुवायचा. पहिले काही दिवस पोवळं असं उमललं, की आम्ही तिघंही खुर्च्या ओढून त्याच्यासमोर जेवायचो. मग एका संध्याकाळी मामा मान तिरकी करून म्हणाला, जरासं डावीकडे हवं होतं, नाही? तिथून घसरण लागली.

वस्तू हौसेची, मग एवढं मनाला काय लावून घ्यायचं, असं मी त्याला एकदा खालच्या खोलीत विचारलं होतं. त्याच्या हातात कुणाचा तरी वरचा जबडा होता. तो फुंकर मारून भुकटी उडवत म्हणाला, "जन्मभर मी जिवंत दिसणाऱ्या वस्तू केल्या. लोक फसतात, म्हणतात अगदी खऱ्यासारखं. हे खऱ्यासारखं नाही, खरंच आहे. ते माझ्याकडे जगावं असं वाटतं, एवढंच."

हात बंद करण्याचा करार झाला आणि मामाची अवस्था बघवेना. तो टाकीसमोर काखेत हात घालून उभा राहायचा. खिशात घालायचा. पाठीमागे एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवायचा, जणू चोर आणि शिपाई दोन्ही तोच. पोवळं मिटलेलंच. मामी जाता जाता म्हणायची, हात दाखवून अवलक्षण झालं, आता हात आवरून बघा काय होतंय. घरातल्या सगळ्या तसबिरी सरळ झाल्या, खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल मिळालं, माझ्या चपलेचा अंगठा शिवला गेला. तरी हात उरलेच.

शेवटी त्याने खाली बसून एक पोवळं घडवलं. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, त्याचंच. एकेक नळी वेगळी, प्रत्येकीच्या टोकाला पाकळ्यांचं फूल, आणि फुलाच्या मधोमध बारीकशी चीर, कारण तिथे त्या प्राण्याचं तोंड असतं म्हणे. कुठे गुलाबी गडद, कुठे फिकट. काम हुबेहूब झालं होतं. ते त्याने टेबलावर ठेवलं आणि रोज संध्याकाळी त्याला केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे असं सरकवू लागला. मामीलाही ही युक्ती पटली. एक गिऱ्हाईक मात्र ते बघून फार घाबरलं. हे कोणाच्या तोंडात बसवायचंय, असं त्याने अगदी हळू आवाजात विचारलं.

पण वरचं खरं पोवळं काही उघडेना. मामाने बोट लावलं नव्हतं, याची मी साक्षीदार होते. पाणी ठीक, मीठ ठीक, उजेड ठीक. तरी तो करडा गोळा तसाच. खालच्या बाजूला एके ठिकाणी तर पांढरा हाडासारखा डाग दिसू लागला. मामाने तो भिंगातून बघितला आणि भिंग कपाळावर ढकलून हात पाठीमागे बांधले.

त्या दिवशी जेवताना त्याने विषय काढला. आवाज अगदी साधा होता, म्हणूनच ऐकवत नव्हता.

"माझ्या हातातच काहीतरी असणार. मेलेलं बसवायला चांगला हात आहे माझा. जिवंताला चालत नसेल."

मामा उठला, त्याने ताईंना फोन लावला आणि महिन्याची वाट न बघता याच रविवारी येऊन घेऊन जा म्हणून सांगितलं. मामीने ताटात अर्धं जेवण तसंच ठेवलं आणि घासायला भांडी नसतानाही ती मोरीकडे गेली. आमच्याकडे भांडणं रोज होतात, पण ताट अर्धं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नेहमीसारखा खाली गेला आणि लगेच वर आला, कारण भिंगाचा चष्मा वरच राहिला होता. मी दात घासत होते. खोलीच्या दारात तो असा थबकला, की मीही तोंडात फेस घेऊन त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

मामी टाकीपाशी होती. कामाला जायचे कपडे, गाडीची किल्ली दातांत धरलेली, उजवी बाही खांद्यापर्यंत वर सारलेली आणि हात पाण्यात. टाकीच्या मागच्या काचेला पाणी फिरवणारा एक छोटा पंप चिकटवलेला आहे, त्याचं तोंड ती वळवत होती. जरा वळवलं, मागे सरकून डोळे बारीक करून बघितलं, पुन्हा जरा वळवलं. गाडीत बसल्यावर आरसा लावतात, अगदी तसं.

"हे कधीपासून चालू आहे?" मामाने विचारलं.

मामीने दचकून हात बाहेर काढला, मग किल्ली. "काय कधीपासून?"

"पंपाला हात."

"पहिल्यापासून." तिने बाही खाली केली. मग एकदा सुरुवात झाल्यावर ती थांबेना. रोज सकाळी बघावं तर पाण्याचा झोत थेट त्या बिचाऱ्याच्या तोंडावर. कुणाला असं वाऱ्यापुढे धरतात का? ती पंप बाजूला वळवून कामावर जायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर झोत पुन्हा तोंडावर. तिला वाटलं, पंपच ढिला आहे.

"पंप ढिला नव्हता," मामा म्हणाला. "मी संध्याकाळी बघायचो तर पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. म्हणून मी त्याला झोतात सरकवायचो."

मामीने पंपाकडे बघितलं, मामाने पोवळ्याकडे.

"बरं," मामा म्हणाला, "पण नंतर मी हात लावायचा बंद केला होता. आपलं तसं ठरलं होतं. मग तू का लावत होतीस?"

"तुम्ही हात काढून घेतलात," मामी म्हणाली, "मग कुणीतरी बघायला नको का त्याच्याकडे?"

यावर मामा त्या बुटक्या टेबलावर जाऊन बसला आणि हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आलं. मामीला राग आला, हसण्यासारखं यात काय आहे म्हणून तिने दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारताना तिलाही आवरेना. मामा म्हणाला, त्या जिवाला वाटलं असेल, या समुद्रात भरती-ओहोटी नाही, सकाळी बायको येते आणि संध्याकाळी नवरा येतो. माझ्या तोंडात अजून ब्रश होता. मला हसताही येईना.

मग ताईंना पुन्हा फोन. याच रविवारी नको, आधी ठरलेल्याच रविवारी या, आणि पंपाचं तोंड नक्की कुठे हवं तेवढं सांगा. ताई म्हणाल्या, झोत समोरच्या काचेवर जाऊ दे. तिथे फुटून परत येईल ते पाणी त्याला पुरे. पोवळं डुललं पाहिजे, वाकता कामा नये. एकदा लावा आणि घरात टाकी आहे हे विसरून जा. दोघांनी मिळूनच लावलं. एका बाजूने मामाचा हात पोवळ्यावर, दुसऱ्या बाजूने मामीचा पंपावर, आणि वर दोघांची डोकी एकमेकांवर आपटतायत. थोडं वर, नाही खाली, अहो तुमचं नाही माझं, अशी बरीच बोलणी झाली. मागच्या काचेच्या आडव्या सांध्याशी पंपाचं तोंड बरोबर समांतर आलं, तेव्हा मामा म्हणाला, बस. दोघांनी एकदमच हात काढले आणि एकाच टॉवेलला पुसले.

यापुढे टाकीच्या खोलीत कोणीही एकट्याने जायचं नाही, असा नियम झाला. जायचं तर दोघांनी मिळून. मामी कपाटातून साडी काढायला निघाली की मामा खालून धावत वर यायचा. मामा पेपर शोधायला गेला की मामी दारात हाताची घडी घालून उभी. मला मधल्या वेळेची पहारेकरी नेमलं होतं, पण त्यांचा माझ्यावरही पूर्ण भरवसा नव्हता. नळाला पाणी आलं की नाही हे विचारावं तसं ती दोघं मला दिवसाकाठी विचारायची: कोणी आलं होतं का?

असे बरेच दिवस गेले. पांढरा डाग होता तेवढाच राहिला, वाढला नाही. मामा त्यातच समाधान मानायला लागला होता.

आणि मग एका दुपारी खाली गिऱ्हाईक बसलेलं असताना मामा तांब्याभर पाणी घालायला म्हणून मला घेऊन वर आला. पोवळ्याच्या खालच्या बाजूने, जिथे उजेड कमी तिथून, चार-पाच नळ्या बाहेर आल्या होत्या. अगदी आखूड, बोट दाखवताना अर्धवट दुमडलेलं असावं तशा. मामाने तांब्या माझ्या हातात दिला. तो धाडधाड जिना उतरून खाली गेला आणि त्या गिऱ्हाइकाला दंडाला धरून वर घेऊन आला. गृहस्थांची कवळी खाली टेबलावर घासायला ठेवलेली. बिनदातांच्या तोंडाने वा म्हणता येईना, म्हणून ते नुसतेच आ करून बघत राहिले. मामाला तेवढं पुरलं.

संध्याकाळपर्यंत निम्मं पोवळं उघडलं होतं. मामी कामावरून आली. आम्ही तिला काही सांगितलं नाही, नुसतं खोलीत जाऊ दिलं, अर्थात नियमाप्रमाणे मामाबरोबर. मग आतून मामीचा आवाज ऐकू आला: "अहो, आता तरी त्या मागच्या तसबिरीला हात लावू नका. सगळं जसंच्या तसं राहू दे."

ठरलेल्या रविवारी टाकीवाल्या ताई आल्या. बरोबर झाकणाची बादली आणली होती, पोवळं न्यायला. ती त्यांनी जिन्यातच ठेवली, कारण दारातूनच त्यांना टाकी दिसली. सगळ्या नळ्या बाहेर, सगळी फुलं उघडलेली, आणि तो करडा गोळा कुठे दिसतही नव्हता. पांढऱ्या डागाच्या कडेलासुद्धा एक बारीकसं गुलाबी टोक उगवलं होतं. मासे त्यातून ये-जा करत होते. ताई वाकल्या, या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. मामा त्यांच्याकडे असा बघत होता, जसं त्याच्याकडे गिऱ्हाईक बघतं. दात बसला की अजून घासायचाय?

"राहू दे हे इथेच," ताई म्हणाल्या.

मामाने हं म्हटलं, आणि लगेच चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला. पुसून झाला तरी पुसतच होता.

चहा झाला. ताईंनी खालचं खोटं पोवळंही बघितलं. दुकानाच्या काचेत ठेवायला मागितलं. गिऱ्हाइकांना सांगीन, म्हणाल्या, की नवखे असाल तर आधी हे न्या. मामा जितका लाजला तितका मी त्याला कधी पाहिलेला नाही. खाली मामीकडे शिकणाऱ्या एक आजी येऊन रस्त्यावरच्या उघड्या गाडीत बसल्या होत्या; हॉर्न कुठे आहे ते सापडल्यापासून त्यांना तो वाजवायला फार आवडायचा. मामी कपबश्या गोळा करू लागली. निघता निघता ताई पुन्हा टाकीसमोर थांबल्या.

"झोत मात्र छान साधलात," त्या म्हणाल्या. "मी फोनवर सांगितलं होतं त्याच्यापेक्षा जरा वर घेतलात, ते बरं केलं. तेवढ्यासाठीच अडलं असतं बघा."

"वर?" मामा म्हणाला. "आम्ही वर नाही घेतला."

तो टाकीजवळ गेला. भिंग डोळ्यांवर ओढून मागच्या काचेला नाक लावलं. आडवा सांधा जिथे होता तिथेच होता. पंपाचं तोंड त्याच्याशी समांतर नव्हतं. केसभर, अगदी केसभरच, वर वळलेलं होतं. मामा तसाच वाकून बघत राहिला. वर त्या नळ्या एका लयीत डुलत होत्या, वाकत नव्हत्या.

तो सरळ झाला आणि वळला. ताई एकदम जिन्यात जाऊन बादलीचं झाकण नीट बसवायच्या कामाला लागल्या. मी भिंतीकडे बघितलं.

"काय गं," मामाने विचारलं, "आपलं ठरल्यानंतर तू परत हात घातला होतास का?"

मामीने कपबश्या मोरीत ठेवल्या. ओले हात पदराला पुसले. खिळ्यावरची गाडीची किल्ली घेतली.

"मी काही म्हणत नाहीये," मामा म्हणाला. "नुसतं विचारतोय. घातला होतास का?"

खाली हॉर्न वाजला. मामीने चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेली.